विमान खरं, सामना बरोबरीचा

ऑनलाइन हवाई लढतींचे खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, एक तक्रार ठरलेली असते : "माझ्या विमानाला मुद्दाम कमजोर करून ठेवलंय." समोरच्या बाजूने खेळणाऱ्याला विचारलं तर तोही हेच सांगतो, फक्त विमानाचं नाव बदलतं. मागच्या अंकात या सदरात घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायला काय काय लागतं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर हाच होता. आमच्या घरातही हा वाद आहेच. बडोद्याचा भाचा मेसरश्मिटवाला आणि इथे वास्कोतली माझी लेक स्पिटफायरवाली. रविवारी रात्री दोघं एकाच सर्व्हरवर असतात आणि खेळ संपला की फोन माझ्याकडे येतो. "मावशी, तूच सांग, असं खरं असतं का?"

प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. पहिला, खेळातलं विमान खऱ्या विमानासारखं उडतं का? दुसरा, हा सामना बरोबरीचा आहे का? पहिला वास्तवतेचा, दुसरा समतोलाचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की भांडण सुरू होतं. म्हणून आज दोन्ही सुटे करून बघू.

आधी वास्तवता. चांगल्या सिम्युलेटरमध्ये विमानाचा वेग म्हणजे कुठेतरी लिहून ठेवलेला एक आकडा नसतो. पंखांचं क्षेत्रफळ, विमानाचं वजन, इंजिनची ताकद, त्या उंचीवरच्या हवेची घनता, पंख हवेला किती कोनात भिडतोय, हे सगळं घेऊन कॉम्प्युटर सेकंदाला कित्येकदा हिशेब करत असतो. वर उचलणारं बल किती, मागे ओढणारं किती, इंजिन पुढे किती खेचतंय. त्यातून पुढच्या क्षणी विमान कुठे असेल ते ठरतं. २००१ मध्ये आलेल्या 'आयएल-२ स्टुर्मोविक' या रशियन सिम्युलेटरमुळे असं उडणं घरच्या साध्या कॉम्प्युटरवर आलं. आजच्या 'डीसीएस वर्ल्ड'मध्ये तर कॉकपिटमधली बटणं खऱ्या क्रमाने एकामागून एक दाबून इंजिन सुरू करता येतं.

आता आमच्या घरातल्या भांडणाकडे येऊ. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ समोरासमोर आली. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनला कार्बोरेटर होता, जुन्या स्कूटरमध्ये असायचा तसाच, फ्लोटचा. वैमानिकाने विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की पेट्रोल कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला उडायचं आणि इंजिन क्षणभर गचके खायचं. मेसरश्मिटच्या इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जायचं, त्याला हा त्रास नव्हता. पाठलाग होतोय असं दिसलं की जर्मन वैमानिक नाक दाबून सरळ खाली सूर मारायचा आणि मागचा स्पिटफायर खोकत बसायचा. ब्रिटिश वैमानिकांनी त्यावर युक्ती काढली होती. विमान आधी उलटं करायचं आणि मग स्टिक ओढून खाली जायचं, म्हणजे पेट्रोल जागेवर राहतं. पण त्यात मोलाचे क्षण जायचे.

यावरचा सोपा उपाय बिआट्रिस शिलिंग या ब्रिटिश इंजिनिअर बाईंनी काढला. त्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात काम करायच्या आणि मोटरसायकलच्या शर्यतीतही उतरायच्या. १९४१ च्या सुरुवातीला त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसवायची, वायसरसारखी दिसणारी, मधोमध मोजकं भोक असलेली एक छोटी चकती तयार केली. ती बसवायला विमान कारखान्यात पाठवायची गरज नव्हती. दोष पूर्ण गेला नाही, पण इंजिन बंद पडायचं थांबलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की सुरुवातीच्या मॉडेलचा स्पिटफायर घेऊन लेकीने नाक दाबलं आणि इंजिनने गचका खाल्ला, तर तिच्या विमानाला कुणी कमजोर केलेलं नसतं. उलट ते जास्त खरं केलेलं असतं. तसंच भाच्याचं. त्याचा मेसरश्मिट वळताना मागे पडतो, कारण खऱ्या मेसरश्मिटच्या पंखांच्या दर चौरस मीटरवर स्पिटफायरपेक्षा जास्त वजन होतं आणि स्पिटफायर त्याच्यापेक्षा लहान वर्तुळात वळायचा. स्पिटफायरशी गोल गोल फिरत लढणं म्हणजे समोरच्याच्या अंगणात जाऊन खेळणं. खऱ्या जर्मन वैमानिकांनाही हे माहीत होतं. ते उंचीवरून येत, एक फैर झाडत आणि वेग न सोडता निघून जात.

आता समतोल. खऱ्या युद्धात तो नसतो, हे आधी मान्य करायला हवं. १९४२ मध्ये प्रशांत महासागरावर अमेरिकन नौदलाच्या वाइल्डकॅट विमानांना जपानी झिरोशी लढावं लागलं. झिरो हलकं, चढायला चपळ, वळायला त्याहून चपळ. वाइल्डकॅट जड आणि चढायला मंद. एकास एक लढतीत झिरोशी वळत बसलेला वाइल्डकॅट बहुधा परत येत नसे. पण जॉन थॅच या नौदलाच्या अधिकाऱ्याने जोडीने उडण्याची एक पद्धत बसवली होती. दोन विमानं शेजारी शेजारी उडायची. एकाच्या मागे झिरो लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, म्हणजे पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर यायचा. वेणी घालावी तसा हा खेळ. त्याला आजही 'थॅच वीव्ह' म्हणतात. त्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत ही पद्धत प्रत्यक्ष वापरली गेली.

त्याच महिन्यात अलास्काजवळच्या अकुतान बेटावर एक झिरो दलदलीत उतरताना उलटलं. वैमानिक दगावला, विमान मात्र बरंचसं शाबूत राहिलं. अमेरिकनांनी ते सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि उडवून पाहिलं. वेग वाढला की झिरोची कुशीवर वळायची ताकद कमी होते, स्टिक दगडासारखी घट्ट होते, आणि नाक एकदम दाबलं तर त्याचंही इंजिन खोकतं, हे समजलं. शिवाय झिरोला वैमानिकामागे चिलखती पत्रा नव्हता आणि गोळीचं भोक आपोआप बुजवणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या नव्हत्या. वाइल्डकॅटला दोन्ही होतं. चपळपणाची किंमत झिरोने अशी मोजलेली होती. म्हणजे युद्धातला समतोल कुणी दिलेला नव्हता. शत्रूचं विमान समजून घेऊन आणि सोबत्यावर भरवसा ठेवून तो माणसांना कमवावा लागला.

खेळ बनवणाऱ्यांची अडचण इथे सुरू होते. दिवसभराच्या अभ्यासानंतर अर्धा तास खेळायला बसलेला मुलगा सतत हरणार असेल तर तो चौथ्या दिवशी येणार नाही. सगळेच सर्वांत वेगवान विमान घेतील, बाकीची विमानं धूळ खातील आणि सर्व्हर ओस पडेल. म्हणून समतोल हवाच. तो आणायचा कसा, एवढाच प्रश्न.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्या वाड्यावरच्या क्रिकेटमध्ये आठवीतली मुलं आणि दुसरीतली पोरं एकत्र खेळतात तेव्हा काय करतात? धाकट्याला लिंबूटिंबू करतात, त्याला पहिल्या चेंडूवर आउट देत नाहीत. जोरात मारणाऱ्यासाठी 'कुंपणापलीकडे गेला की आउट' असा नियम लावतात. दोन चांगले खेळाडू एका बाजूला जाऊ देत नाहीत. पण चेंडू जड करत नाहीत आणि बॅटला भोक पाडत नाहीत. वस्तू आहे तशी राहते, नियम बदलतात.

विमानांच्या खेळात मला तीन मार्ग दिसतात. पहिला, विमानातच फेरफार करायचा. जिंकणाऱ्याचं इंजिन थोडं मंद करायचं, हरणाऱ्याच्या गोळ्या थोड्या जड करायच्या. नवख्यांसाठी ठेवलेल्या सोप्या प्रकारात हे चालून जातं. 'वॉर थंडर'मध्ये आर्केड, रिअॅलिस्टिक आणि सिम्युलेटर असे तीन प्रकार आहेत. आर्केडमध्ये उडणं मुद्दाम सोपं केलेलं आहे आणि तसं ते सरळ सांगतात. पण जिथे वास्तवतेचा दावा आहे तिथे असा गुपचूप फेरफार मला पटत नाही. त्यात खेळाडू जे शिकला ते खोटं ठरतं.

दुसरा मार्ग गुणांकाचा. वॉर थंडरमध्ये प्रत्येक विमानाला 'बॅटल रेटिंग' नावाचा आकडा असतो आणि जवळजवळच्या आकड्यांची विमानं एका सामन्यात टाकली जातात. आकडा ठरवताना ते विमान उडवणाऱ्यांचे निकाल कसे येतात तेही पाहतात. यात एक गंमत आहे. एखादं अवघड विमान फक्त कसलेले खेळाडूच उडवत असतील तर त्याचे निकाल चांगले येतात आणि आकडा वर चढतो. दुसरं एखादं विमान नावाजलेलं आहे म्हणून सगळे नवखे तेच घेतात, हरतात, आणि त्याचा आकडा खाली येतो. म्हणजे तो आकडा जितका विमानाचा, तितकाच ते उडवणाऱ्या माणसांचा. त्यावरून 'हे विमान त्यापेक्षा भारी' असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय इतिहासात ज्यांची कधी गाठच पडली नाही अशी विमानं या पद्धतीत समोरासमोर येतात. सामना जमतो, पण काळ हरवतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. विमान जसं होतं तसं ठेवायचं, पण ते सहज मिळू द्यायचं नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या 'एसेस हाय' या ऑनलाइन खेळाने हे छान केलं. त्यात जर्मनीचं जेट मेसरश्मिट २६२ हवं असेल तर आधी साध्या विमानांवर 'पर्क' गुण कमवावे लागतात. जेट घेऊन पडलात तर ते गुण गेले. खऱ्या २६२ चा वेग ताशी ८७० किलोमीटरच्या घरात होता, अमेरिकन मस्टँगचा ७०० च्या आसपास. कागदावर सामनाच नाही. पण खऱ्या २६२ ची इंजिनं बहुतेकदा १० ते २५ तासांतच बदलावी लागत, थ्रॉटल झटक्यात पुढे केला तर ती विझत, आणि उतरताना विमान इतकं संथ आणि असहाय असे की दोस्तांचे वैमानिक त्याच्या तळाभोवतीच टपून बसत. घरच्या खेळात प्रत्येक सामन्याला कोरं इंजिन मिळतं आणि पेट्रोलची टंचाई नसते. मग विमानाची कमजोरी गायब होते आणि फक्त वेग उरतो. विमान खरं असतं, पण त्याच्या भोवतीचं युद्ध पुसलेलं असतं. गुणांची अट ही ती टंचाई परत आणायची एक रीत आहे.

याचं दुसरं उदाहरण आपल्या गोव्यातच बघायला मिळतं. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॅरियर ठेवलंय. भारतीय नौदलाची ही विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत सेवेत होती आणि त्यांचं घर दाबोळीचा आयएनएस हंसा हा तळ होता. वास्कोतल्या माझ्या वयाच्या माणसांना त्यांचा आवाज अजून आठवतो. हेच विमान ब्रिटिश नौदलाने १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरच्या युद्धात वापरलं. समोर अर्जेंटिनाची मिराज आणि डॅगर विमानं, ध्वनीच्या दुपटीने उडू शकणारी. सी हॅरियर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही ओलांडत नाही. तक्ता मांडला तर निकाल ठरलेला दिसतो. प्रत्यक्षात अर्जेंटिनाची वीसेक विमानं हॅरियरनी पाडली आणि हवाई लढतीत एकही हॅरियर पडलं नाही. सहा गेली, ती जमिनीवरून झालेल्या माऱ्यात आणि अपघातांत.

असं का झालं? अर्जेंटिनाची विमानं मुख्य भूमीवरून शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून येत होती आणि मिराज, डॅगरना हवेत पेट्रोल भरून घ्यायची सोय नव्हती. बेटांवर पोचल्यावर हातात मोजकी मिनिटं उरत. आफ्टरबर्नर लावून ध्वनीच्या पुढे जायचं म्हटलं तर परत जायला पेट्रोल पुरलं नसतं. म्हणजे ज्या वेगाचा गवगवा होता तो वेग तिथे वापरताच येत नव्हता. हॅरियरकडे समोरून येणाऱ्या विमानावरही सोडता येणारं नवं साइडवाइंडर क्षेपणास्त्र होतं, शिवाय कसून तयार झालेले वैमानिक होते. आता हाच सामना एखाद्या सर्व्हरवर दोन्ही विमानं शेजारी शेजारी हवेत ठेवून, टाक्या भरून लावा. मिराज जिंकलं तर आश्चर्य नको. दोन्ही विमानं तंतोतंत खरी असतील आणि तरी निकाल फॉकलंडचा नसेल. सामना लावणाऱ्याने मिराजला ५०० किलोमीटर लांबून यायला लावलं असतं तर वास्तवता आणि समतोल दोन्ही एकदम मिळाले असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. विमान खोटं करू नका, सामना नीट लावा. अंतर, पेट्रोल, संख्या, उंची, कामगिरी हे सगळं सामना लावणाऱ्याच्या हातात असतं. एका बाजूने बॉम्बफेकी विमानं सांभाळून न्यायची, दुसऱ्याने ती अडवायची, असा सामना लावला की कमजोर विमानालाही करण्यासारखं काहीतरी उरतं.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितेय त्याला कारण आहे. बडोद्याचा भाचा अकरावीत आहे आणि त्याला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. त्याच्या वयाची मुलं आज खऱ्या विमानांबद्दलही खेळाच्या भाषेत बोलतात. आपलं अमुक विमान, त्यांचं तमुक, वेग इतका, क्षेपणास्त्र इतकं लांब जातं, म्हणजे आपण जिंकलो. तक्त्यावरून युद्ध जिंकायची ही सवय काळजी वाटावी अशी आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोन यांनी बॉम्ब पडत असताना आपलं छोटंसं नॅट धावपट्टीवरून उचललं आणि ते एकटे भिडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. हवाई दलाच्या वाट्याला आलेलं ते एकमेव परमवीरचक्र. तिथे दोन्ही बाजू समान करणारा कुणी नव्हता आणि पडल्यावर दुसरं विमान मिळणार नव्हतं. खेळ खेळताना हे रोज आठवावं असं नाही, पण खऱ्या युद्धाविषयी बोलताना विसरू नये.

आणखी एक गोष्ट, थोडी कडक शब्दांत. आजच्या विमानांचं रडार, क्षेपणास्त्रं, जॅमिंग यातलं बरंच काही गुप्त असतं. खेळ बनवणाऱ्यांना उघड कागदपत्रांवर भागवावं लागतं, त्यामुळे जितकं विमान नवं तितका त्यातला अंदाज जास्त. तरी काहींना राहवत नाही. २०२१ मध्ये वॉर थंडरच्या एका खेळाडूने चॅलेंजर २ हा ब्रिटिश रणगाडा खेळात चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला त्याची गोपनीय माहिती सर्वांसमोर टाकली. एका खेळातल्या वादासाठी! आपल्यापैकी अनेकांच्या घरी नौदलात, हवाई दलात किंवा विमानाच्या कारखान्यात काम करणारी माणसं आहेत. बाबांच्या कपाटातला कागद, काकांनी सहज सांगितलेली गोष्ट, वर्कशॉपमधला फोटो यातलं काहीही असल्या वादात आणायचं नाही. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे, आणि 'गेमसाठी टाकलं' हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. वाद हरलात तरी चालेल.

ज्यांना हे सगळं स्वतः करून बघायचंय त्यांनी डीसीएस वर्ल्डपासून सुरुवात करावी. त्यात सुखोई-२५टी आणि मस्टँगचं प्रशिक्षणाचं विमान फुकट मिळतं. पहिला आठवडा कुणाशी लढू नका. वेग कमी करत विमान कधी थरथरायला लागतं ते बघा, कुठल्या उंचीवर इंजिन दमतं ते बघा, वळताना किती उंची जाते ते वहीत लिहा. मग दोघं मिळून एक सामना खेळा आणि अर्ध्यावर विमानं बदला. स्पिटफायरवालीने मेसरश्मिट घ्यायचं, मेसरश्मिटवाल्याने स्पिटफायर. कुठली तक्रार विमानाची होती आणि कुठली आपली, हे त्या एका संध्याकाळी कळतं.

हरलात तर 'नर्फ केलं' म्हणायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. मी या विमानाच्या ताकदीने लढलो का? माझ्यासोबत कुणी होतं का? सामना कसा लावला होता? तिन्हीची उत्तरं नीट असतील आणि तरी विमान खऱ्यासारखं वागत नसेल, तर खुशाल तक्रार करा, उघड पुस्तकांतले आकडे देऊन करा. चांगले सिम्युलेटर असेच सुधारत आलेत.

पुढच्या अंकात जॉयस्टिकविषयी. स्वस्तातली कुठली चालते, जुनी घेताना काय तपासायचं आणि जेवणाच्या टेबलाला ओरखडे न पाडता ती कशी बसवायची, हे लिहीन. शेवटचा मुद्दा घरातल्या मोठ्यांच्या खास आग्रहावरून.